दाताला थंड लागतं, हिरडी दुखते: क्लिनिकमध्ये रोज विचारले जाणारे प्रश्न

मी डेंटिस्ट आहे, लालबागच्या बाजूला छोटंसं क्लिनिक आहे, आत एक खुर्ची आणि बाहेर चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढा बाक. गाल धरून आत येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "डॉक्टर, थंड लागतंय". तेच प्रश्न मग रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर पण येतात, आणि प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून माझा घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. क्रम वगैरे लावलेला नाही, जसे आठवले तसे घेतलेत.

थंड लागतं म्हणजे दातात नक्की होतं काय?

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल, शरीरातली सगळ्यात टणक गोष्ट, हाडापेक्षाही टणक, आणि त्यात नस नसते त्यामुळे त्याला काही कळतच नाही. त्याच्या आत डेंटिन, जरा पिवळसर आणि जरा मऊ, आणि ह्या डेंटिनमध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी, त्या थेट आत नसेच्या दिशेने जातात आणि त्यांच्यात पाणी भरलेलं असतं. कवच शाबूत आहे तोवर नळ्यांची तोंडं बंद. कवच गेलं की तोंडं उघडी पडली. मग थंड लागलं, हवा लागली, गोड लागलं, की नळीतलं पाणी हलतं आणि ते हललेलं आतल्या नसेला कळतं. चाळीत खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की वरच्या पाइपात हवा गुरगुरते ना, तसंच काहीसं. ही मांडणी स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम नावाच्या संशोधकाने १९६० च्या दशकात केली आणि आजही आम्ही तीच धरून चालतो. म्हणूनच आइसक्रीम काय, बर्फी काय, ब्रशचा केस काय, कळ सगळ्याला एकसारखीच येते, सण्णकन येते आणि जाते.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सारखी लागणार आहे. दाताच्या मुळावर इनॅमल नसतंच. तिथे सिमेंटमचा अगदी पातळ थर असतो आणि त्याच्यावर हिरडीची शाल. शाल सरकली की तो थर बघता बघता झिजतो आणि डेंटिन उघडं. म्हणजे थंड लागायला दोन रस्ते आहेत, वरून कवच झिजणं नाहीतर खालून हिरडी सरकणं, आणि माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांमध्ये मला दुसराच जास्त दिसतो.

कैरी खाल्ल्यावर दात आंबतात, ते हेच का?

भाऊबंदच. कैरी, चिंच, आवळा, ह्यांच्या आंबटपणाने दाताचा वरचा पापुद्रा थोडा वेळ मऊ पडतो आणि नळ्यांची तोंडं काही काळ मोकळी होतात, म्हणून नंतर भाकरीचा घास पण चावत नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस असतो २ च्या आसपास, म्हणजे विचार करा. मुळाचा उघडा भाग तर त्याच्याही आधी, ६ च्या वरच मऊ पडायला लागतो. पण लाळ हे काम निस्तरते, त्यात कॅल्शियम असतं, ती हळूहळू डागडुजी करते. मे महिन्यात मीठ-तिखट लावून कैरी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत दात ठीक झाले तर त्याची काही काळजी नको. दर जेवणाला आंबतायत तर मात्र या.

मी तर दोनदा घासतो, जोर लावून घासतो, मग मलाच का?

जोर लावून घासता म्हणूनच.

हे ऐकून लोक दुखावतात, मला माहीत आहे. लहानपणापासून शिकवलेलं असतं की घासून घासून चकचकीत करा, आणि आपल्याकडे भांडी, फरशी, दात सगळं एकाच हाताने घासलं जातं. एक काका आले होते, वय साठीचं, स्वच्छतेला इतके कडक की चहाच्या कपाची कड पण पुसून पितात. डावीकडच्या वरच्या दातांना थंड लागत होतं. मी म्हटलं, उद्या येताना तुमचा ब्रश घेऊन या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला, केस दोन्ही बाजूंना असे फाकलेले की जुना खराटा बरा, आणि म्हणतात, "मागच्याच महिन्यात घेतलाय". मी म्हटलं, काका, हाच तुमचा रिपोर्ट.

हार्ड ब्रश आणि आडवा रंधा मारल्यासारखा हात, ह्याने हिरडी वर्षानुवर्षं थोडी थोडी सरकते आणि दात जिथे हिरडीत शिरतो तिथे खाच पडते, नख फिरवलं तर अडकते अशी. सुळे आणि त्याच्या मागच्या दोन उपदाढा, ह्यांना पहिला फटका, कारण जबड्याचं वळण तिथेच आहे आणि ब्रश तिथे जोरात आदळतो. उजव्या हाताने घासणाऱ्यांचं बरेचदा डावीकडे जास्त. माझ्या स्वतःच्या डाव्या सुळ्याला ही खाच आहे, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मैत्रिणीने प्रॅक्टिकलला दाखवली, तोपर्यंत मला वाटायचं आपले दात वर्गात सगळ्यात चांगले. आजही थंडीच्या दिवसांत पहाटेच्या गाडीत दाराशी उभी राहिले की तोंड मिटून घ्यावं लागतं.

मग ब्रश कसा मारायचा?

सॉफ्ट लिहिलेला ब्रश घ्या, डोकं लहान असलेला. मुठीत आवळू नका, पेन धरतो तसा बोटांत धरा, मग जोर लावताच येत नाही. केसांची टोकं हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या कडेवर तिरकी टेकवायची, साधारण ४५ अंशात, जागच्या जागी हलकं थरथरवायचं आणि मग दाताकडे झटकायचं. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. दोन मिनिटं, त्यातला निम्मा वेळ आतल्या बाजूला, तिथे कोणीच जात नाही. पिकलेल्या टोमॅटोवर ब्रश फिरवला आणि साल निघाली नाही तर हात बरोबर. केस तीन महिन्यांच्या आत फाकले तर हात अजून जड आहे असं समजा.

इलेक्ट्रिक ब्रश चांगला, दाबल्यावर लाइट लागतो असा मिळाला तर अजून चांगला, पण नसला तरी काही अडत नाही.

जाहिरातीतली सेन्सिटिव्ह टूथपेस्ट खरंच काम करते की नुसतं मार्केटिंग?

करते. पण लोक ती ज्या पद्धतीने वापरतात त्याने करत नाही.

आधी डब्याच्या मागचं बारीक वाचा. पोटॅशियम नायट्रेट लिहिलेलं असेल, बहुतेक ५ टक्के, तर ती पेस्ट नसेला शांत करते, म्हणजे पाणी हललं तरी नस बोंब मारत नाही. हे पोटॅशियम दातात साठायला वेळ लागतो, रोज दोनदा घासून दोन ते चार आठवडे. चौथ्या दिवशी "काही फरक नाही डॉक्टर" म्हणून दुसरी घेणारे, आठव्या दिवशी तिसरी घेणारे असे खूप आहेत, त्यांच्या बाथरूममध्ये पेस्टचं दुकान असतं आणि दात तिथेच. दुसऱ्या प्रकारच्या पेस्ट नळीच्या तोंडाला बूच मारतात, त्यात स्टॅनस फ्लोराइड असतं, किंवा आर्जिनिन, किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असं लांबलचक नाव. ह्यांचा फरक थोडा लवकर जाणवतो. कुठली चांगली? एकीने महिन्याभरात फरक नाही पडला तर दुसऱ्या प्रकारची घ्या, पण प्रकार बदला, नुसती कंपनी बदलून तेच औषध परत घेऊ नका.

आणि घासून झाल्यावर तांब्याभर पाण्याने खळाखळा चुळा भरू नका. फेस थुंकून टाका, लागलीच तर एक छोटी चूळ, बास. एवढी महाग पेस्ट आणि सगळं औषध बेसिनला. रात्री घासून झाल्यावर बोटावर थोडी घेऊन दुखऱ्या जागी नुसती लावून झोपलात तर अजून चांगलं. काही लोक महाग आहे म्हणून सकाळी साधी आणि रात्री ही असं करतात, त्याने फरक पडायला वेळ लागतो, एवढंच.

आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइड, म्हणजे कीड रोखणारं औषध, १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) वर घालता येत नाही, तेव्हा मोठ्यांनी फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यायला घाबरू नये. चंद्रपूर-यवतमाळकडे काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं, तिथले दात पिवळे-तपकिरी होतात, तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला मुंबईत तलावाचं पाणी पिणाऱ्याला लागू होत नाही.

ही पेस्ट कायमची वापरली तर चालेल?

चालेल, सवय वगैरे लागत नाही. माझी भीती वेगळीच आहे. दुखणं दबतं आणि कारण तसंच राहतं. एका ताईंनी वर्षभर ही पेस्ट वापरली, बरं वाटत होतं, आणि फिलिंगच्या खाली कीड आत आत जात होती. कळली तेव्हा रूट कॅनलच करावं लागलं. म्हणून महिनाभर वापरून पण एकाच दाताला लागत असेल तर पेस्ट बदलू नका, एक्स-रे काढा.

हिरडीतून रक्त येतं, तिथे ब्रश मारणं बंद करू का?

उलट. रक्त येतं कारण तिथे कीटण साचलंय. दातांवर चिकट थर रोज बसतो, तो काढला नाही की त्यातले जंतू हिरडीला सुजवतात, सुजलेली हिरडी लाल आणि फुगीर होते आणि नुसत्या स्पर्शाने रक्त काढते. तुम्ही घाबरून तिथे ब्रश लावत नाही, मग अजून थर, अजून सूज, अजून रक्त. सॉफ्ट ब्रशने हलक्या हाताने तिथेच घासा, दातांच्या फटीत फ्लॉसचा दोरा किंवा बारीक ब्रश घाला, साध्या सुजेतलं रक्त आठ-दहा दिवसांत कमी व्हायला पाहिजे. नाही झालं तर थर कडक होऊन दगड झालाय, तो ब्रशने निघत नाही, आम्हालाच काढावा लागतो. आणि बहुतेक वेळा हे सगळं न दुखता चालतं, म्हणूनच लोक दात हलायला लागल्यावर येतात.

क्लिनिंग केलं की दात सैल होतात आणि थंड लागायला लागतं, खरं आहे का?

हा प्रश्न मला रोज येतो, सासूबाईंनी सांगितलेलं असतं, शेजाऱ्यांचा अनुभव असतो, एकाचे तर म्हणे क्लिनिंगनंतर चार दात पडले.

लालबाग-गिरगावात जुन्या इमारतींना लाकडाचे टेकू लावलेले बघितलेत ना. हिरडीच्या आजारात दाताच्या भोवतीचं हाड खाल्लं जातं, दात सुटायला लागतो, आणि त्याच वेळी बाहेरून कीटणाचा दगड दोन-तीन दातांना एकत्र धरून ठेवतो, टेकूसारखा. फरक एवढाच की इथे टेकू पण तोच आणि वाळवी पण तोच. आम्ही तो काढला की दात मुळात किती हलत होता ते कळतं, आणि खापर क्लिनिंगवर फुटतं. तो ठेवला असता तर दात अजून वर्ष-दोन वर्षं उभा दिसला असता आणि मग शेजारच्या दोघांना घेऊन गेला असता.

थंड लागतं ते मात्र खरं. कीटणाखाली झाकलेलं मूळ उघडं पडतं, सूज उतरल्यावर हिरडी आवळते, त्यामुळे काही दिवस, कधी दोनेक आठवडे, लागतं. फटी पण दिसायला लागतात, तिथे आधी काय भरलेलं होतं ते आठवा म्हणजे वाईट वाटणार नाही. मशीनने इनॅमल खरवडलं जातं अशी भीती असते, नीट केलं तर तसं होत नाही, ते मशीन थरथरतं आणि दगड फुटतो, धार नसते त्याला. क्लिनिंगच्या दोन आठवडे आधीपासून सेन्सिटिव्ह पेस्ट सुरू करा, त्रास कमी होतो.

खाली गेलेली हिरडी परत वर येते का?

नाही. सुजलेली असेल तर सूज उतरून घट्ट होते, पण सरकलेली आपोआप वाढत नाही, कुठल्याही तेलाने, मंजनाने नाही. काही ठिकाणी तोंडातल्या टाळूची थोडी कातडी घेऊन तिथे बसवतात, हिरड्यांचे स्पेशालिस्ट करतात, सगळ्यांना लागत नाही. आहे तिथे थांबवणं हेच मोठं काम असतं.

आई मिश्री लावते, तिचे दात तर दुखत नाहीत?

ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. कोकणातून, घाटावरून आलेल्या कितीतरी घरांत बायका सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावतात, मग दुपारी जेवल्यावर, मग भांडी झाल्यावर, आणि विचारलं तर म्हणतात मी तंबाखू खात नाही गं, नुसते दात घासते. त्याशिवाय पोट साफ होत नाही असंही असतं. तो निकोटिन आहे, पोट नाही. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात त्यामुळे रक्त कमी येतं, म्हणजे आजार असतो पण खूण लपते, आणि बाईला वाटतं माझ्या हिरड्या घट्ट आहेत. खाली हाड चाललेलं असतं. शिवाय बोटाने रोज तीच जागा रगडून हिरडी सरकते ती वेगळीच. सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला १९९२ साली बंदी केली, पण घरी तव्यावर भाजायला कोण अडवणार.

आणि खरी भीती थंड लागण्याची नाहीच. परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल आमच्याकडून चालत जाण्यासारखं आहे, तिथल्या फुटपाथवर बसलेली गावाकडची कुटुंबं मी रोज बघते. आईच्या ओठाच्या आत, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर तिला "दात बघायला जाऊ" म्हणून घेऊन या, मिश्रीवरून भांडू नका, भांडून कोणी सोडत नाही. आमच्या इथे एका मावशींनी हळूहळू दिवसाला सहाची तीन, तीनाची एक असं करत सोडली, पहिले पंधरा दिवस डोकं दुखायचं आणि चिडचिड, सुनेने सांभाळून घेतलं.

गुटखा-सुपारीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तुम्ही म्हणता तोंड सेन्सिटिव्ह झालंय, मिसळ झोंबते, साधं वरण पण तिखट लागतं. ते दात-हिरडीचं नाही. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते, तोंड कमी उघडायला लागतं. तुमचीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर पेस्ट विचारू नका, सरळ या. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तुम्हाला कुठून मिळतो ते मी विचारणार नाही.

लिंबूपाणी, कोकम, गोळा, सगळं बंद करायचं का?

मुंबईच्या एप्रिलमध्ये कोकम सरबत बंद कर म्हणायचं माझं धाडस नाही. किती पिता ह्यापेक्षा कसं पिता ते बघा. ग्लास दोन मिनिटांत संपवला तर लाळ अर्ध्या-पाऊण तासात सावरते. तेच बाटलीत भरून ऑफिसच्या टेबलावर ठेवून सकाळी दहापासून चारपर्यंत घोट घोट घेतलं तर दात दिवसभर आंबटातच. वजन कमी करायला सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेणारे तर हमखास, आणि त्यातले बरेच ते पिऊन लगेच ब्रश करतात. म्हणजे आधी आंबटाने दात मऊ केला आणि मग त्यावर ब्रश फिरवला. आधी घासा, मग प्या. आंबट झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रशला अर्धा तास तरी हात लावू नका. स्ट्रॉ असेल तर चांगलं, नुसती ओठाशी नको, जरा आत.

गोळा खायचाच असेल तर चोखा, बर्फ कडाकडा फोडू नका, दातांना चिरा जातात. काला खट्टा हा थंड, आंबट, गोड तिन्ही एकत्र, ज्याचे दात लागतात त्याला चौपाटीवर चेहरा लपवता येत नाही.

सारखी अ‍ॅसिडिटी होऊन आंबट पाणी घशाशी येणाऱ्यांचे दात आतल्या बाजूने झिजतात. तिथे पोटाच्या डॉक्टरकडे आधी.

सकाळी उठल्यावर जबडा दुखतो आणि सगळेच दात लागतात?

झोपेत दात खाताय. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, करकर आवाज येतो का. दिवसा पण बघा, दादर स्टेशनला गर्दीत चढताना, बॉसचा मेल वाचताना, दात एकमेकांवर दाबलेले असतात. बोलत नसाल, खात नसाल तेव्हा वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकायलाच नको, ओठ मिटलेले आणि दात सुटे. रात्री दातांवर बसवायचा मापाचा गार्ड बनवून मिळतो, ऑनलाइनचा पाण्यात उकळून बसवायचा घेऊ नका, तो बरेचदा नीट बसत नाही आणि लोक दुसऱ्या रात्री काढून ठेवतात.

घाबरायचं कधी?

घड्याळ लावा. थंड काढल्यावर कळ दोन-चार सेकंदांत गेली तर ती शिवशिव. मिनिटं-मिनिटं ठणकत राहिली, आपोआप सुरू झाली, रात्री आडवं झाल्यावर वाढली, तर आतली नस सुजलीय आणि तिथे पेस्टचं काम संपलं. एक पेशंट मला दारातूनच ओळखता येतो, हातात गार पाण्याची बाटली आणि दर मिनिटाला एक घोट तोंडात धरून बसलेला, कारण गरम लागलं की ठणका आणि थंडाने बरं वाटतं. नस मरायला टेकल्याची ही खूण, त्याला मी खुर्चीत बसवायच्या आधीच रूट कॅनलचं सांगते.

चावून सोडताना कळ येत असेल तर दाताला चीर असू शकते. वरच्या दाढा एकदम तीन-चार लागतायत, वाकल्यावर डोकं जड होतंय आणि नाक चोंदलंय, तर सायनस, जुलै-ऑगस्टमध्ये असे बरेच येतात आणि दात काढायची तयारी करूनच येतात. थांबा म्हणावं लागतं.

लवंगेचं तेल, मीठ-हळद, तोंडात खोबरेल तेल धरणं?

मिठाच्या कोमट पाण्याने चुळा, हो, सुजलेल्या हिरडीला बरं वाटतं, ग्लासात अर्धा चमचा मीठ. लवंगेचं तेल ठणक्यावर तात्पुरतं चालतं, कापसाला एक थेंब, फक्त दाताला, हिरडीला लागलं तर भाजतं. तेल धरून फिरवणं, करायचं तर करा, ब्रशच्या बदल्यात नको. मीठ-लिंबू-सोडा एकत्र करून दात पांढरे करायचं रील बघितलं असेल तर विसरून जा. कोळशाचं मंजन, राखुंडी, विटेची पावडर, सगळं एकच, दात घासला जातो म्हणजे खरंच घासला जातो. आणि डोकेदुखीची गोळी दाताशेजारी दाबून ठेवायची पद्धत कोणी काढली माहीत नाही, अ‍ॅस्पिरिनने हिरडी पांढरी होऊन सोलून निघते.

गरोदरपणात हिरड्या सुजतात, काही करता येतं का?

हार्मोन्समुळे थोड्याशा कीटणाला पण हिरडी जास्त सुजते. "एक मूल एक दात" असं जुन्या बायका म्हणायच्या, बाळ दातातून कॅल्शियम ओढतं म्हणून, तसं काही नसतं. उलट्या झाल्यावर लगेच ब्रश नको, चूळ भरा. क्लिनिंग करता येतं, चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, फक्त आम्हाला आधी सांगा.

शुगर, बीपीच्या गोळ्या ह्यांचा काही संबंध?

आहे. शुगर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार लवकर वाढतो, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर शुगर आटोक्यात यायला त्रास होतो, दोन्हीकडून. बीपीच्या काही गोळ्यांनी, अ‍ॅम्लोडिपिन त्यातली एक, काही जणांची हिरडी वाढून दातावर येते. फिट येणाऱ्यांना देतात त्या फेनिटॉइनने पण. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरला विचारायचं.

मुलाला थंड लागतं, मोठ्यांची पेस्ट देऊ?

आधी दाखवा. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे नवीन दाढ येते, दुधाची समजून लोक सोडून देतात, ती कायमची असते आणि काही मुलांत ती मुळातच कच्च्या इनॅमलची, पिवळट येते.

व्हाइटनिंग केल्यावर दात लागायला लागले?

लागतात, बहुतेकांचे थोड्या दिवसांत थांबतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात करू नका, हॉलमध्ये आइसक्रीम असतं.

डॉक्टरकडे गेलो तर काय करतील, आणि खर्च?

उघड्या जागेवर फ्लोराइडचा लेप (वार्निश) लावतात, पाच मिनिटांचं काम. खाच असेल तर दाताच्या रंगाचं फिलिंग. नस गेली असेल तर रूट कॅनल, ते सगळ्यात शेवटी. खर्च प्रत्येक एरियात वेगळा आहे, मी आकडा लिहिला की उद्या कोणीतरी तो दाखवून दुसऱ्या डॉक्टरशी वाद घालेल. पैशाची अडचण असेल तर सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे आणि मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर डेंटल कॉलेज, प्रायव्हेटपेक्षा खूप कमी पैशात होतं. विद्यार्थी काम करतात पण सर-मॅडम मागे उभे असतात, आम्ही पण असेच शिकलो. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या रांगेत उभं राहायची तयारी ठेवा, डबा न्या.

माउथवॉश?

क्लोरहेक्सिडिन असलेला असेल तर डॉक्टरने सांगितले तेवढेच दिवस, जास्त झाला तर दात तपकिरी होतात. बाकीचे बहुतेक वासासाठी.

आत्ता रात्री दुखतंय, क्लिनिक सकाळी, काय करू?

कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा, दाढेत काही अडकलंय का ते फ्लॉसने बघा, दहापैकी एकदा पेरूची बी किंवा मटणाचा धागाच असतो. डोक्याखाली दोन उशा घ्या. पॅरासिटॅमॉल तुम्हाला चालत असेल, लिव्हरचा त्रास नसेल, तर पाकिटावर लिहिलंय तेवढीच घ्या. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकची दोन दिवसांची पुडी घेऊ नका, शिवशिवीवर ते चालत नाही. गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याखाली उतरतेय, गिळायला किंवा श्वासाला त्रास होतोय, ताप आहे, तर सकाळची वाट बघायची नाही, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला जायचं. बाकी असेल तर मला मेसेज टाका, फोटो पाठवणार असाल तर मोबाइलचा टॉर्च लावून काढा, अंधारातली दाढ मला पण दिसत नाही.